बोरोबुदुरचा झाकलेला पायथा आणि जावातील लोकजीवन

मध्य जावातील बोरोबुदुर स्तूपाची आमच्याकडील वर्णने बहुधा 504 बुद्धमूर्ती, जाळीदार स्तूप आणि भगवान बुद्धांच्या चरित्रावरील शिल्पपट यांपाशीच थांबतात. पायथ्याच्या रुंद दगडी ओट्याआड झाकलेल्या 160 शिल्पपटांकडे मात्र क्वचितच कोणी वळते. 1885 मध्ये डच अभियंता आयझरमन यांना हे पट आढळले. 1890-91 मध्ये कासियान सेफास या जावानी छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रे घेतली आणि ओटा पूर्ववत बांधण्यात आला. आज आग्नेय कोपऱ्यातील मोजके पट तेवढे उघडे दिसतात. बाकीच्यांच्या अभ्यासाचा आधार म्हणजे सेफास यांचीच छायाचित्रे.

या पटांचा विषय कर्म आणि त्याचे फळ हा आहे. सिल्व्हाँ लेव्ही यांनी त्यांचा संबंध 'महाकर्मविभंग' या संस्कृत ग्रंथाशी जोडून दाखविला, आणि तेव्हापासून अभ्यासकांची दृष्टी ग्रंथावरच खिळून राहिली. कोणता पट कोणत्या कर्माचा, एवढे ठरले की विवेचन संपले! याउलट काही लेखक हे पट म्हणजे नवव्या शतकातील जावाचा जणू चित्रसंग्रह मानतात आणि त्यांतील भांडी, वाद्ये व वस्त्रे मोजत बसतात. आमच्या मते या दोन्ही वाचनांत मूळ प्रश्न निसटतो. तो असा की, ज्या सामान्य माणसांचे जीवन येथे कोरले आहे, त्यांना या शिल्पाने कोणते स्थान दिले?

एका पटाचे उदाहरण घेऊ. एका बाजूस माणसे मासे व कासवे शिजवीत आहेत. दुसऱ्या बाजूस तीच माणसे नरकातील काहिलीत शिजत आहेत. प्राणिहिंसेचे फळ दाखविण्याचा हेतू उघड आहे. पण जावातील मासे धरणारा आणि शिजविणारा मनुष्य पोटासाठी हे काम करीत होता. विहारास दान देणारा संपन्न उपासक मात्र याच मालिकेत स्वर्गसुखाचा धनी ठरतो. ज्यांच्या पूर्वजांना त्यांचे दैन्य म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ असे शतकानुशतके ऐकविले गेले, त्या आम्हांला हा पट केवळ कलाकृती म्हणून पाहता येत नाही. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, हा सिद्धान्त 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धाचा म्हणून स्वीकारलेला नाही. त्या कसोटीवर ही मालिका ठिकठिकाणी उणी पडते, हे आडपडदा न ठेवता म्हटले पाहिजे.

तथापि शिल्पकाराला ग्रंथकाराबरोबर एकाच तागडीत घालणे अन्यायाचे होईल. ग्रंथ कर्म व फळ यांची जंत्री देतो; चूल, झाड, घर, शेजारी हे शिल्पकाराने स्वतःच्या गावातून आणले. एका पटात आजारी मनुष्य आहे. कोणी त्याचे डोके चेपीत आहे, कोणी अंग चोळीत आहे, कोणी औषध आणीत आहे. ग्रंथाला हवा होता रोग. शिल्पकाराने दाखविली शुश्रूषा. अन्यत्र वाटेवर वाजविणारे-नाचणारे येतात आणि त्यांच्याभोवती बघे जमतात. ही माणसे कोणत्याही सिद्धान्ताचे उदाहरण होण्यापूर्वीच जिवंत आहेत.

घरांचेही तसेच. बोरोबुदुरच्या शिल्पांत खांबांवर उचललेली घरे दिसतात. आजची पारंपरिक जावानी घरे जमिनीलगत असतात. पण सुमात्रातील मिनांगकाबाउ व बाटक आणि सुलावेसीमधील तोराजा यांची परंपरागत घरे अद्याप खांबांवरच उभी असतात. म्हणजे शिल्पकाराने भारतातून आलेली कथा कोरताना घर मात्र आपल्या द्वीपसमूहाचे कोरले. जावात पुढे इस्लाम रुजला, स्तूपाभोवती झाडी वाढली, तरी परिसरातील क्लिपो या वस्तीत स्त्रिया आजही मातीची भांडी घडवितात. 'भारतीय संस्कृतीचा विस्तार' एवढ्याच शीर्षकाखाली हे सारे कोंबणारे आमचे काही विद्वान जावाच्या माणसाला त्याच्याच घरात पाहुणा करून ठेवतात.

पायथा का झाकला, याविषयी पुष्कळ तर्क झाले. नरकाची दृश्ये लपविण्यासाठी, असेही म्हटले गेले. पण बांधकाम खचू नये म्हणून आधार दिला, हे कारण आम्हांला अधिक पटते. काही पट अपुरेच राहिले आहेत. काहींच्या वर शिल्पकारांसाठी कोरलेले सूचनावजा शब्द तसेच आहेत. आग्नेय कोपऱ्यातील अशा एका पटावर 'विरूप' हा शब्द वाचता येतो. ग्रंथानुसार क्रोधी माणूस पुढील जन्मी कुरूप होतो, म्हणून शिल्पकाराने वेडेवाकडे चेहरे कोरले; पण त्या चेहऱ्यांत कुरूपतेपेक्षा नापसंतीच अधिक दिसते, गावातल्या भांडणात दिसावी तशी.