नाताळच्या गोष्टीतला परका माणूस



नाताळच्या आठवड्यात व्याख्यान आहे, तेव्हा परक्या माणसाला केलेल्या छोट्या-छोट्या मदतीवर काहीतरी बोला, असं संयोजकांनी आम्हाला फोनवर सांगितलं. लोकांना बरं वाटेल, असंही म्हणाले. आम्ही हो म्हटलं खरं, पण आमचा धंदा गोष्टी वाचायचा आणि त्यात खोट काढायचा. त्यामुळे आज मदतीपेक्षा मदतीच्या गोष्टींबद्दल जास्त बोलणं होईल. या गोष्टींत देणारा माणूस आपल्याला लख्ख दिसतो. घेणारा कुठे असतो? तो काही बोलतो का? त्याला काय हवं आहे, हे कुणी विचारतं का? आमची तक्रार एवढ्यापुरतीच आहे.

मुळापासून सुरुवात करू. लूकच्या शुभवर्तमानातली जन्मकथा घ्या. मराठी बायबलात तिथे दोन शब्द येतात, उतारशाळा आणि गव्हाण. सरकारी नावनोंदणीसाठी नाझरेथहून बेथलेहेमला निघालेलं जोडपं, बाई दिवस भरलेली, उतारशाळेत जागा नाही, बाळ गव्हाणीत. आता नाताळात शाळांमधून, चर्चमधून जी नाटुकली होतात त्यांत उतारशाळेचा एक मालक असतो. तो आधी दार लावतो आणि मग कळवळून मागचा गोठा दाखवतो. पोरं या भूमिकेसाठी भांडतात. पण लूकमध्ये हा मालकच नाही. घरी जाऊन बघा. जागा नाकारणारा नाही आणि जागा देणाराही नाही. नंतरच्या लोकांना गोष्टीत एक देणारा हवासा वाटला, म्हणून त्यांनी तो घडवला. मूळ कथा मात्र ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्या बाजूने सांगितलेली आहे.

सांगली-साताऱ्याच्या माणसाला गव्हाण म्हटलं की जनावरांच्या आधी कारखाना आठवतो. गळीत हंगाम सुरू होतो तेव्हा गव्हाणीत मोळी टाकतात, नारळ फुटतो, पेपरात फोटो येतो. त्या गव्हाणीत पुढे चार-पाच महिने जो ऊस पडतो तो तोडायला बीडकडून, पाथर्डीकडून, आपल्याच जतकडून जोडपी येतात. डिसेंबर म्हणजे त्यांच्या हंगामाचा ऐन मध्य. त्यांच्याकडे आपण शेवटी येऊ. आधी थोडं पुस्तकांत हिंडू.

नाताळातल्या दयाळूपणाची सगळ्यांत गाजलेली गोष्ट म्हणजे डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’. १९ डिसेंबर १८४३ रोजी ते प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून कंजूष माणसाला स्क्रूज म्हणायची पद्धत पडली. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. भुतं येतात, स्क्रूज बदलतो, सकाळी खिडकीतून एका पोराला हाक मारतो आणि बाजारातली सगळ्यात मोठी टर्की आपल्या कारकुनाच्या घरी पाठवतो, स्वतःचं नाव न सांगता. सिनेमात हा प्रसंग हमखास येतो, डोळे पाणावतात. आमचेही पाणावले आहेत.

पण हा बॉब क्रॅचिट काही परका माणूस नाही. तो स्क्रूजच्या कचेरीत आठवड्याला १५ शिलिंगांवर राबणारा कारकून आहे. त्याच्या घरी मोठा पक्षी येत नाही याचं कारण त्याचा पगार, आणि तो पगार ठरवणारा स्क्रूजच. म्हणजे ज्याने वर्षभर कमी दिलं तोच एका सकाळी उदार होतो. डिकन्सला हे कळत नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. दुसऱ्या दिवशी बॉब उशिरा येतो, स्क्रूज आधी त्याच्यावर ओरडल्यासारखं करतो आणि मग पगार वाढवतो. आमच्या मते ही पगारवाढच त्या पुस्तकाचा खरा शेवट आहे. ती जेमतेम पानभरात उरकते, आणि वाचकांच्या लक्षात राहते टर्की. यात डिकन्सचा दोष थोडा, आपला जास्त. फुकट दिलेली वस्तू आपल्याला गोड वाटते. हक्काचं दिलं तर त्यात गोष्ट काय, असं आपल्याला वाटतं.

आता टॉलस्टॉय. १८८५ ची त्याची कथा आहे, मार्टिन नावाच्या म्हाताऱ्या चांभाराची. तळघरातल्या खोलीत राहतो, खिडकीतून त्याला रस्त्यावरच्या लोकांचे फक्त बूट दिसतात. ख्रिस्त उद्या येणार असा भास त्याला होतो आणि तो दिवसभर वाट बघत बसतो. येतात ती साधी माणसं. या कथेची गंमत अशी की मूळ फ्रेंच गोष्ट, रूबेन सायाँ या पाद्र्याची, नाताळातली आहे. टॉलस्टॉयने ती आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिली आणि त्यातला नाताळ काढून टाकला. साधा हिवाळ्यातला दिवस ठेवला. हे त्याने फार चांगलं केलं, असं आम्हाला वाटतं.

त्यातली एक जागा बघा. थंडीत उभी असलेली एक बाई, कडेवर मूल, अंगावर उन्हाळ्यातले कपडे. मार्टिन तिला आत बोलावतो, खायला देतो आणि तिचं ऐकतो. ती सांगते, नवरा सैन्यात, आठ महिने पत्ता नाही, मूल झाल्यावर काम सुटलं, कालच शाल गहाण टाकली. मार्टिन तिला एक जुना कोट देतो तो मूल गुंडाळायला. आणि वर शाल सोडवण्यापुरते पैसे देतो. आम्ही ही कथा बऱ्याचदा वाचली, पण या शालीपाशी दर वेळी थांबतो. शालीचं त्याला कळलं ते तिला बोलू दिलं म्हणून. नुसता कोट देऊन तो मोकळा झाला असता तरी कथा ‘दयाळू’ झालीच असती.

चेखॉव्हचा वान्का या सगळ्यांच्या उलट्या टोकाला. १८८६ ची कथा. नाताळच्या आदल्या रात्री नऊ वर्षांचा पोर, मॉस्कोत चांभाराकडे कामाला ठेवलेला, आजोबांना पत्र लिहितो, मला इथून घेऊन जा म्हणून. पत्त्यात गावाचं नावच टाकत नाही. तिथे मदत करणारा कुणी नाही, पण मागणाऱ्याचा शब्दन् शब्द आपल्याला ऐकू येतो. नाताळची आम्हाला सर्वांत खरी वाटलेली गोष्ट हीच.

आपल्याकडे या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यात एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी पडते, आणि आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी चढवून दे, मग येऊन आंघोळ कर. या प्रसंगावर आपण शाळेत निबंध लिहिले, पण आंघोळीचं वाक्य निबंधात कुणी घातलं नाही. आम्हीही नाही. ती आंघोळ गाळली तर प्रसंग गोड होतो आणि खोटा होतो. त्या घरात, त्या काळात, आईची धाव तिथवरच होती आणि गुरुजींनी ते झाकलं नाही. त्याच गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. मोळीला हात लावण्यापासून मंदिराच्या दारापर्यंतचं अंतर किती, हे त्यांना कळलं होतं. आता त्या म्हातारीला काय वाटलं? पुस्तकात ते फारसं नाही. ती मोळी घेऊन जाते आणि आपण श्यामबरोबर घरी परततो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त मात्र घेणाऱ्याला जागा आहे. १९३४ पासून हे आत्मचरित्र भागाभागांनी आलं. रेव्हरंड टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि घरात माणसं कायम येत-जात असत. दुसरं कुणी असतं तर अशा संसाराची संतचरित्रं करून ठेवली असती. लक्ष्मीबाई तसं करत नाहीत. चिडतात, हिशेब मांडतात, स्वतःची फजिती सांगतात. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्या घरी राहिले, तर ते लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून उतरतात ते रुसव्याफुगव्यांसकट. आश्रयाला आलेला माणूस त्यांच्याकडे गरीब गाय होऊन कोपऱ्यात बसत नाही. तो हट्ट करतो, भांडतो, कधी निघूनही जातो. टिळक १९१७ साली मिशनचं काम सोडून साताऱ्याला आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. तेव्हाही घरखर्चाची काळजी कुणाच्या पदरात पडली, हे समजायला लक्ष्मीबाईच वाचाव्या लागतात.

मिरजेचं एक सांगून पुढे जातो. डॉ. वानलेस १८८९ मध्ये या भागात आले, १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. पण मिरज हे गाव दवाखान्यांचं झालं त्यात रुग्णाबरोबर आलेल्या माणसाला ओसरीवर पडू देणाऱ्या, स्टोव्हला रॉकेल देणाऱ्या, कन्नड न येता कन्नड माणसाला रस्ता दाखवणाऱ्या लोकांचाही वाटा आहे. ही माहिती पुस्तकात नाही, घराघरांत आहे. म्हाताऱ्या माणसांकडून ती कुणीतरी लिहून घ्यायला हवी, आणि रुग्णांच्या घरच्यांकडूनही.

घेणाऱ्याची बाजू खरं तर आपल्याला नवी नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आपण सगळे घेणारे होतो. कुठून कुठून भाकऱ्या आल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या. त्या भाकऱ्यांची चव आम्ही विसरणार नाही. पण त्याच दिवसांत जुन्या कपड्यांचे ढीगही आले, कुणाला न होणारे, आणि ते रस्त्याकडेला भिजत पडले. मदत घेताना समोर मोबाइल धरला की मान कशी खाली जाते, हेही या सभागृहातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल.

तरी आम्ही स्वतः तेच केलं. पुराच्या नंतरच्या एका डिसेंबरात आम्ही आठ-दहा जण वर्गणी काढून ब्लँकेटं घेऊन ऊसतोड मजुरांच्या तळावर गेलो. संध्याकाळ, चुली पेटलेल्या, कोप्यांच्या बाहेर बैल बांधलेले. आम्ही रांग लावली. फोटो काढले. एक बाई ब्लँकेट घेताना म्हणाली, “परवाबी दिलीत की दादा, दुसरी लोकं आली व्हती.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कोपीत बघितलं तर खरंच नवी कोरी घडी पडलेली. पाणी कुठून आणता म्हणून आमच्यातल्या एकीने विचारलं, तर बाईने लांबच्या वस्तीकडे हात केला. तिथला शेतकरी बोअर चालू करून देतो, रात्री लाइट आली की, दोन वाजता का असेना. त्याचं नावही आम्ही विचारलं नाही.

निघताना एक म्हातारा मागे आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत काट्याच्या पावत्या. “साहेब, एवढं वाचून बेरीज सांगता का?” १६ पावत्या होत्या. मोबाइलच्या उजेडात आम्ही वाचल्या, दोनदा बेरीज केली. २९ टन आणि वर काही किलो. त्याच्या अंदाजाने मुकादमाच्या वहीत २६ धरले होते. जोडप्याने उचल घेतलेली, ती टनावर फिटणार, म्हणजे तीन टन ही त्याच्यासाठी काय चीज होती ते तुम्हीच बघा. पावतीच्या पाठीमागे आकडा मोठ्या अक्षरात लिहून द्या म्हणाला. दिला. सगळं मिळून दहा मिनिटं गेली असतील. ब्लँकेटांचे फोटो ४० निघाले, दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फिरले, अंगठे आले. त्यात हा म्हातारा एका फोटोत मागे आहे, पाठमोरा.

काल तयारी करताना आमच्या घरात वाद झाला की, मग काय ब्लँकेटं वाटायचीच नाहीत का? वाटा की. थंडी खरी आहे, आणि कोपीत बाळंत होणाऱ्या बायका आजही आहेत. पण जाण्याआधी एक फेरी रिकाम्या हाताने मारा आणि बसा थोडं. आम्ही ती फेरी मारली नव्हती, म्हणून हे बोलण्याचा हक्कही आमचा अर्धाच.

मार्चअखेर पुन्हा त्या रस्त्याने गेलो, बेरजेचं काय झालं ते विचारावं म्हणून. तळ उठला होता. मोकळ्या रानात चुलीचे दगड होते, आणि वस्तीवरच्या शेतकऱ्याचं बोअर चालू होतं.