सी. टी. प्रतिमेतील गोंगाट आणि पुनर्रचनेच्या पद्धती

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने आढळली. तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन कुंभ व आत अस्थी, अशी त्यांची रचना. मातीने भरलेला असा कुंभ न फोडता सी. टी. यंत्रात ठेवावयाचा झाल्यास प्रतिमेतील दाणेदार गोंगाट कमी करण्याचा मार्ग सरळ आहे : क्ष-किरणांची मात्रा वाढवावी. गोंगाट मात्रेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. तो निम्मा करावयाचा तर मात्रा चौपट हवी. मृतास त्याची बाधा नाही. (कुंभाचे वय पुढे थर्मोल्युमिनेसन्सने ठरवावयाचे असेल तर मात्र ही चैन परवडणार नाही.) दौंडहून वा शिरूरहून तपासणीस आलेल्या जिवंत रोग्याची गोष्ट निराळी. तेथे मात्रेस मर्यादा असल्यामुळे सारा भार पुनर्रचनेच्या गणितावर पडतो.

जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ साली फूरियर रूपांतर टाळणारी जी पद्धत मांडली, तिच्यातील गाळणी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. ती सूक्ष्म तपशिलास अधिक वजन देते; त्यामुळे कडा रेखीव उमटतात, पण गोंगाटही वाढतो. शेप व लोगन यांची १९७४ ची गाळणी त्याहून मवाळ आहे. या घराण्यातील पद्धतींत रेखीवपणा देऊन गोंगाट कमी करता येतो, आणि हा व्यवहार उघड असतो : किती दिले, किती मिळाले, हे मोजता येते.

पुनरावर्ती पद्धतींचा व्यवहार इतका उघड नाही. त्या एक चित्र गृहीत धरतात, त्यापासून यावीत अशी मापने काढून प्रत्यक्ष मापनांशी ताडून पाहतात आणि चित्र पुनःपुन्हा दुरुस्त करतात. शिवाय शेजारचे बिंदू बहुधा सारखेच असतात, असे गृहीतही बहुतेक पद्धतींत असते. येथेच प्रचलित मूल्यमापनाचा दोष दिसून येतो. पाण्याने भरलेल्या नळकांड्याच्या प्रतिमेत वर्तुळ आखून प्रमाण विचलन मोजावयाचे आणि ते घटले की गुणवत्ता वाढली असे म्हणावयाचे, ही रीत प्रबंधांत रुळली आहे. पण पाणी सर्वत्र सारखेच! ज्या गृहीतावर पद्धत उभी आहे, तेच जेथे पूर्णांशाने खरे आहे तेथेच तिची परीक्षा घेतली जाते. तेथे हरवण्यासारखे काही नसते.

यकृतातील लहानशी गाठ सभोवतालच्या पेशीजालाहून थोडीच निराळी असते. हाडाची कड ठसठशीत राखणारी पद्धत ही गाठ गोंगाट समजून पुसून टाकू शकते. उरलेला गोंगाटही बारीक दाण्यांऐवजी मोठ्या डागांचा होतो, आणि त्या डागांचा आकार गाठीच्या आकाराजवळ जाऊ शकतो. मूत्रखड्यासारख्या ठळक वस्तूसाठी कमी मात्रेत हीच पद्धत उत्तम काम देते, हे नाकारण्याचे कारण नाही. म्हणून परीक्षा कामागणिक व्हावी : फिकट चकत्या ठेवलेल्या प्रतिकृती निरनिराळ्या मात्रांत चित्रित कराव्यात, जागा न सांगता निरीक्षकांस शोधावयास लावाव्यात आणि चुकीचे होकारही मोजावेत. २०१९ च्या सुमारास बाजारात आलेल्या, शिकवलेल्या जाळ्यांवर आधारलेल्या पद्धतींना तर ही कसोटी अधिकच लागू आहे. त्या पूर्वी पाहिलेल्या चित्रांवरून नव्या चित्राचा अंदाज बांधतात.

मातीत रुतलेल्या अस्थींचा कुंभ अशा परीक्षेस उपयोगी पडेल. तो प्रथम अल्प मात्रेत व नंतर भरपूर मात्रेत चित्रित करता येतो. अल्प मात्रेच्या चित्रात पुसले गेलेले हाड दुसऱ्यात सापडते. रोग्याच्या बाबतीत ते दुसरे चित्र काढता येत नाही.