पाण्यात उडी कोण मारतं?

‘सिंग स्ट्रीट’मध्ये बँड नंतर जमतो, आधी म्युझिक व्हिडिओ ठरतो. पंधरा वर्षांचा कॉनर शाळेसमोरच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या राफिनाला बघतो, रस्ता ओलांडतो आणि ठोकून देतो की आमच्या बँडच्या व्हिडिओसाठी मॉडेल हवी आहे. ती फोन नंबर देते. कॉनर परत येतो आणि मित्राला सांगतो की आता आपल्याला बँड काढावा लागेल.

शाळेत असताना ज्यानं कधी एखादा व्हिडिओ केलाय, त्याला हा उलटा क्रम लगेच ओळखू येईल. गाणं, कॅमेरा, एडिटिंग हे सगळं नंतर सुचतं. आधी कुणालातरी काहीतरी दाखवायचं असतं.

जॉन कार्नीचा हा सिनेमा २०१६ साली आला. मी तो पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पाहिला आणि त्यानंतर निदान पाच-सहा वेळा. दर वेळी आवडतो आणि दर वेळी एका ठिकाणी अडकतो. त्या अडकण्याबद्दल लिहायचं आहे. शेवट सांगावा लागणार आहे, तेव्हा पाहिला नसेल तर आधी पाहून या. मी थांबतो.

गोष्ट १९८५च्या डब्लिनमधली. आयर्लंडमध्ये तेव्हा नोकऱ्या नाहीत आणि तरुण पोरं बोटीनं लंडन गाठतायत. कॉनरच्या आईवडिलांचं पटत नाही, पण देशाच्या राज्यघटनेतच घटस्फोटाला बंदी आहे. ती बंदी उठवायला १९८६ साली सार्वमत झालं, ते हरलं. १९९५च्या सार्वमतात ती अगदी थोडक्यात उठली. म्हणजे या घरात भांडणाला बाहेर पडायची वाटच नाही. पैशांची चणचण म्हणून कॉनरला चांगल्या जेझुइट शाळेतून काढून सिंज स्ट्रीटवरच्या ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेत घातलं जातं. सिनेमाचं नाव या रस्त्याच्या नावावरचीच कोटी आहे. कार्नी स्वतः याच शाळेत शिकला. पुढे तो ‘द फ्रेम्स’ या बँडमध्ये बेस वाजवायचा आणि त्यांचे व्हिडिओही करायचा. त्यामुळे कमी पैशात गाणं शूट करताना कुठे काय फसतं, हे त्याला आतून माहीत आहे.

सुरुवातीलाच घरची सगळी मंडळी टीव्हीवर ड्युरान ड्युरानचं ‘रिओ’ बघत बसलेली दिसतात. १९८२चा तो व्हिडिओ रसेल मल्काहीनं अँटिग्वात शूट केला होता. निळा समुद्र, शिडाची बोट, झकपक सूट घातलेले तरुण. वडील नाक मुरडतात. मोठा भाऊ ब्रेंडन मात्र समजावून सांगतो की चित्र आणि गाणं असं एकत्र येणं ही नवी कला आहे. कॉनर बघत राहतो. त्याच्याकडे अँटिग्वा नाही. शाळेमागची गल्ली आहे.

त्या गल्लीत ‘द रिडल ऑफ द मॉडेल’ या गाण्याचं शूटिंग होतं आणि सिनेमातला हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. प्रत्येकानं घरात सापडेल ते अंगावर चढवलंय, त्यामुळे एकेक जण वेगळ्याच सिनेमातून आल्यासारखा दिसतो. राफिना पोरांना रांगेत उभं करून मेकअप करते. डॅरेन मॅनेजरही आहे, निर्माताही आणि कॅमेरामनही. व्हिडिओ वाईट होतो. कार्नी तो वाईटच राहू देतो. मोठ्या पडद्यावरच्या सिनेमातला ‘हौशी’ व्हिडिओ बहुतेक वेळा लबाडीनं सुंदर केलेला असतो, इथे ती लबाडी नाही. पोरांना अभिनय येत नाही, हातांचं काय करायचं ते कळत नाही. तरी आपण हसत हसत बघतो, कारण त्यांना स्वतःचं हसू येत नाहीये. ते सगळं गंभीरपणे चाललंय.

तिसऱ्या मोठ्या गाण्यात, ‘ड्राइव्ह इट लाइक यू स्टोल इट’मध्ये, कार्नी याच्या उलट टोकाला जातो. कॉनरला ‘बॅक टू द फ्युचर’मधल्यासारखा पन्नाशीच्या दशकातला अमेरिकन नाच हवा असतो. शाळेच्या हॉलमध्ये मूठभर पोरं जमलेली. त्यांना प्रॉम म्हणजे काय हे समजावण्यातच त्याचा जीव जातो. राफिना येतच नाही. कॅमेरा सुरू होतो आणि अचानक आपल्याला कॉनरच्या डोक्यातला व्हिडिओ दिसतो. हॉल सजलेला, कपडे झगमगीत, आईवडील एकमेकांसोबत नाचतायत, छळणारे मुख्याध्यापक ब्रदर बॅक्स्टर कोलांट्या मारतायत, ब्रेंडन हिरोसारखा मोटारसायकलवरून येतो. गाणं संपतं आणि पुन्हा तोच उदास हॉल, तीच मूठभर पोरं.

प्लॅनिंग म्हणजे काय, हे इतकं नेमकं दाखवणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. वहीत शॉट लिहिताना आपण जे बघत असतो, ते कॅमेऱ्यात कधीच उतरत नाही. शिवाय कॉनर व्हिडिओच्या निमित्तानं मागतोय काय, तर आईवडिलांनी एकत्र नाचावं. ते कुठल्याच शूटिंगमध्ये मिळणार नाही. म्हणून हे गाणं उत्साहाचं असूनही घशात आवंढा आणतं.

आता मधल्या व्हिडिओकडे येतो. माझं अडकणं तिथे आहे.

समुद्रकिनाऱ्यावरच्या धक्क्यावर शूटिंग चालू आहे. राफिनानं पाण्यात उडी मारल्याचं फक्त नाटक करायचंय. ती खरीच उडी मारते. तिला पोहता येत नाही. कॉनर मागोमाग उडी टाकून तिला बाहेर काढतो. असं का केलंस, असं विचारल्यावर तिचं म्हणणं साधारण असं, की कलेत अर्धवट काही करायचं नसतं. कॉनर भारावून तिच्याकडे बघतो. आपणही भारावतो.

आणि सिनेमा पुढे जातो. ती उडी कॉनरचा धडा होते. इथून पुढे तो धीट होत जातो, गाणी चांगली होत जातात. राफिनाला काय मिळतं? तिची कहाणी आपल्याला कळते. वडील गेलेले, आई मानसिक आजारानं इस्पितळात ये-जा करणारी, ती स्वतः मुलींच्या वसतिगृहात. ती लंडनला जाऊन हात हलवत परत येते. पण ही सगळी माहिती कॉनरला आणखी एक गाणं सुचावं अशा जागी येते. लुसी बॉयन्टननं ही भूमिका इतकी जिवंत केलीय की पटकथेतली ही कंजुषी सहज लक्षात येत नाही.

कुणाच्या जिवावर कोण पुढे गेलं, हा हिशेब कार्नीला मांडता येत नाही असंही नाही. ब्रेंडनसाठी तो चोख मांडतो. जॅक रेनरच्या तोंडी एक लांब स्वगत आहे. घरातला थोरला म्हणून जंगलातून वाट मी काढली, तू माझ्यामागून मोकळ्या वाटेनं आलास, आणि कौतुक तुझं होतंय, असा त्याचा सूर. ते ऐकताना कॉनर पहिल्यांदा गप्प होतो. अख्खा सिनेमाही जगभरच्या भावांना अर्पण केलाय. म्हणजे भावाचं देणं लक्षात राहिलं. जी प्रत्यक्ष पाण्यात पडली, तिच्या देण्याला असं एकही स्वगत नाही. एमनलाही नाही. गाणी कॉनरसोबत बसून रचणारा तोच, हाताला येईल ते वाद्य वाजवणाराही तोच. शेवटी कॉनर निघून जातो आणि एमन डब्लिनमध्येच राहतो.

हे मला इतकं का टोचतं, ते सांगायला हवं.

२०१३च्या जानेवारीत आमच्या दहावीच्या निरोप समारंभासाठी आम्ही एक व्हिडिओ केला. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मराठी माध्यमाची शाळा. एका मित्राच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, लग्नाच्या शूटिंगचा हँडीकॅम त्यानं रविवारी पळवून आणला. गाणं हिंदी सिनेमातलं, पावसाचं. ते मोबाइलवर लावायचं आणि त्यावर ओठ हलवायचे. मोबाइलचा आवाज मैदानावर ऐकूच यायचा नाही, म्हणून तो स्टीलच्या डब्यात ठेवला होता. दिग्दर्शक मी. जर्नलच्या कोऱ्या पानांवर शॉट काढले होते, प्रत्येक चौकटीत काडीची माणसं.

पाऊस आम्ही बागेच्या नळीनं पाडणार होतो. वर्गातली एक मुलगी छत्री घेऊन चालत येणार, एवढंच माझ्या कागदावर होतं. पहिल्या टेकला ती तशीच चालली. दुसऱ्या टेकला तिनं छत्री फेकून दिली आणि नळीखाली भिजत नाचली. जानेवारीची सकाळ होती. आम्ही सगळे ओरडलो. तो शॉट बघताना मला वाटलं, मी दिग्दर्शक झालो.

समारंभाच्या आधीच व्हिडिओ ब्लूटूथवरून गावभर फिरला. सोमवारी शाळेत बोलावणं आलं. आम्हा पोरांना दोन-दोन छड्या बसल्या आणि विषय मिटला. तिच्या आईवडिलांना बोलावून घेतलं. निरोप समारंभाला ती नव्हती. तो पावसाचा शॉट कुणी लिहिला, नळी कुणी धरली, हे ऑफिसात कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. मी दाराबाहेर उभा होतो.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे ‘गिट ब्लेम’ नावाची एक कमांड असते. कोडमधली कुठली ओळ शेवटची कुणी बदलली, त्याचं नाव ती दाखवते. ती ओळ लिहायची असं कुठल्या मीटिंगमध्ये ठरलं, कुणी घाई केली, हे ती सांगत नाही. नव्या पोरांना आम्ही बजावतो की ब्लेममध्ये दिसणारं नाव म्हणजे दोषी नव्हे. व्हिडिओचंही तसंच आहे. चौकटीत जो दिसतो त्याचं नाव लागतं. चौकट ज्यानं आखली तो कॅमेऱ्यामागे सुरक्षित राहतो. सध्या तर प्रत्येक शाळेत, प्रत्येक गॅदरिंगला फोनवर असा व्हिडिओ होतो आणि ब्लूटूथपेक्षा कितीतरी वेगानं फिरतो. म्हणून हा प्रश्न जुना झालेला नाही.

हे सगळं मी असंच लिहून संपवणार होतो. पण मग वाटलं, जिच्याबद्दल लिहितोय तिला विचारायला हवं. तिचा नंबर वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होताच. मेसेज टाकला, लेखाचा कच्चा खर्डा पाठवला. संध्याकाळी तिचा फोन आला.

“अरे, तू मला बिचारी का केलंयस?” ती म्हणाली. “छत्री मी फेकली होती. तू नव्हतं सांगितलंस. तो शॉट माझा आहे.”

मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, “भिजल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. घरी बोलणी खाल्ली, तीही विसरले. तुम्ही सहा जण बाहेर उभे होतात आणि एकानंही आत येऊन सांगितलं नाही की हे आपण सगळ्यांनी मिळून केलंय. तेवढंच लक्षात आहे.”

फोननंतर मी सिनेमाचा शेवट पुन्हा लावला. ब्रेंडन दोघांना किनाऱ्यावर सोडतो. आजोबांची छोटी मोटरबोट, कॉनरच्या टेपा, राफिनाचे फोटो, भर पावसात खवळलेला समुद्र. ‘रिओ’मधल्या चकचकीत बोटीची ही गरीब बहीण. वाटेत एक प्रचंड जहाज समोर येतं, ते कसेबसे वाचतात आणि त्याच्याच मागून इंग्लंडकडे निघतात. याआधी मी हा शेवट स्वप्नाळू म्हणून सोडून द्यायचो. या वेळी दिसलं की आता दोघंही एकाच पाण्यात आहेत. कॅमेऱ्यामागे राहून सूचना देणारं कुणी नाही. बुडाले तर दोघं बुडतील. कार्नीनं धक्क्यावरच्या त्या उडीची परतफेड इथे, थोडी उशिरा का होईना, केलीय असं आता मला वाटतं. पटकथेबद्दलची माझी तक्रार तरीही कायम आहे. राफिनाची उडी ही तिची स्वतःची होती, हे सिनेमाला तिच्या तोंडून नीट सांगता आलं असतं. मला तरी कुठे आलं, फोन येईपर्यंत?

तिनं लेख छापायला परवानगी दिलीय. नाव घालायचं नाही, एवढी एकच अट. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, ती छत्री कुणाची होती रे, परत दिली का आपण?

दिली नव्हती. शिपाईमामांची होती. दुसऱ्या टेकला तिची एक काडी मोडली, म्हणून आम्ही ती जिन्याखाली लपवली होती.