साक्ष कोणाची, पुरावा कोणाचा?

विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाची मराठी आवृत्ती २००३ साली सुरू झाली. कुणीही लिहावे, कुणीही दुरुस्त करावे, ही त्याची प्रतिज्ञा. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराचाच मज्जाव होता, त्यांना ही प्रतिज्ञा आपलीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दार उघडे असले तरी उंबरठ्यावर दोन अटी उभ्या आहेत. पहिली, विधानाला प्रकाशित, विश्वासार्ह आणि विषयापासून स्वतंत्र असा संदर्भ हवा. दुसरी, ज्याचा विषयात हितसंबंध आहे त्याने त्या विषयावर लिहिणे टाळावे. दोन्ही अटी वरकरणी न्याय्य आहेत. प्रश्न इतकाच, की 'स्वतंत्र' कोणाला म्हणायचे?

खानदेशचेच उदाहरण घेऊ. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील बारावा खंड १८८० साली निघाला. सरकारी, छापील, ग्रंथालयात सहज मिळणारा. म्हणजे संदर्भ म्हणून सर्वगुणसंपन्न. पण याच सरकारने १८२५ पासून खानदेशात भिल्ल पलटण उभारून भिल्लांचा बंदोबस्त केला, १८५८ साली अंबापाणीला खाज्या नाईकाच्या माणसांशी लढाई केली, आणि १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ज्याने बंदूक चालवली त्यानेच पंचनामा लिहिला. यापेक्षा मोठा हितसंबंध कोणता? इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी जातींविषयीची ब्रिटिशकालीन वर्णने अविश्वसनीय मानली, हे त्यांच्या पदरात टाकले पाहिजे. पण दोष केवळ साहेबाचा नव्हता. साहेबाला माहिती पुरवणारे, तिचे अर्थ लावणारे कारकून आणि शास्त्री कोण होते, हा प्रश्न त्या निर्णयाने संपत नाही.

आता उलट बाजू पाहा. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला. पुढे 'बहिष्कृत भारत' आणि 'जनता' निघाले. बहिष्कृतांच्या सभा, ठराव, सत्याग्रह यांची बारकाईने दखल याच पत्रांनी घेतली. ही पत्रे चळवळीची, म्हणून ती 'स्वतंत्र' नाहीत असे म्हटले, तर मागे काय उरते? ज्यांनी आपल्याला वगळले त्यांचे मौनच तेवढे प्रमाण ठरते. पुराव्याचा अभाव हा इथे नैसर्गिक नाही. तो निर्माण केलेला आहे. बाबासाहेबांना 'द अनटचेबल्स' (१९४८) लिहिताना हीच अडचण आली. थेट पुरावा नाही म्हणून त्यांनी विषय सोडला नाही. तुटलेले दुवे तर्काने जोडले, आणि आपण तर्क करतो आहोत हे प्रस्तावनेतच सांगितले.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या लिहून ठेवल्या त्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि आप्तांनी. पुस्तक निघाले १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. आजच्या नियमाने १९५१ पर्यंत बहिणाबाई 'उल्लेखनीय' नव्हत्या, आणि त्यांचा मुख्य साक्षीदार हितसंबंधी होता! तरीही आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने उभे आहे. त्यांना कवी मुलगा मिळाला, आचार्य अत्र्यांची प्रस्तावना मिळाली. गावकुसाबाहेरच्या, पाड्यावरच्या ज्या बायांना यातले काहीच मिळाले नाही, त्यांचे काय? धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला भीमस्मृतीसाठी माणसे जमतात. बाबासाहेब इथे राहिले होते, ही आठवण ती चालत येऊन जपतात. ही साक्ष नव्हे काय?

मात्र यावरून नियमच मोडीत काढा असे म्हणणे आत्मघाताचे ठरेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने विकिपीडियाच्या चालकांना नोटीस दिली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हे नोंदवले. मजकूर चूक की बरोबर, हे पुराव्याने ठरायचे की पोलिसाने? सत्ता दारात येते तेव्हा दुबळ्याच्या हाती संदर्भाखेरीज काहीही नसते. आणि आपल्यातल्याही पुढाऱ्यांना स्वतःची पाने कार्यकर्त्यांकडून विशेषणांनी सजवून घ्यायची हौस असते. तिला लगाम हवाच.

म्हणून मागणी नियम सैल करण्याची नाही. तो सर्वांना सारखा लावण्याची आहे. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर करावे, अशी अट विकिपीडियावर २०१४ पासून आहे. पण जातीने मिळालेल्या वारशाला हितसंबंध मानण्याची कल्पनाही तिथे नाही. दलिताने दलितांविषयी लिहिले की तो पक्षपाती. सवर्णाने लिहिले की तटस्थ! ही तटस्थता तपासली पाहिजे.

आणि आपले काम? धुळे-जळगावच्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी वस्त्यांवर जावे. म्हाताऱ्या माणसांची साक्ष त्यांच्या संमतीने, स्थळ-काळासह नोंदवावी; ऐकीव काय आणि पाहिलेले काय हे वेगळे लिहावे; संपादित नियतकालिकांत छापावी; जुने अंक, पत्रके, सभांचे वृत्तांत ग्रंथालयात पोचवावेत. ज्ञानकोशात जागा मागण्याआधी दप्तर उभे करावे लागेल. आपले दप्तर दुसऱ्याने लिहिले तर काय होते, ते १८८० च्या खंडात वाचायला मिळते.