पाटीवरचं ‘दिव्यांग’ आणि खिडकीतलं ‘हिला’

२७ डिसेंबर २०१५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावं असं सुचवलं. २०१६ च्या कायद्याच्या हिंदी नावात तो शब्द आला. महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. हेतू चांगला असेल, आम्हांला मात्र शब्द पटत नाही. अंगात काही ‘दिव्य’ आहे असं एकदा म्हटलं, की ‘इथं रॅम्प का नाही?’ असं विचारणारा माणूस उगाच कुरकुऱ्या वाटायला लागतो. अपंगांच्या संघटनांनीही तेव्हाच आक्षेप घेतला होता.

पण पाटीवरून एवढं भांडून झाल्यावर खिडकीपाशी काय चालतं ते बघा. प्रमाणपत्रासाठी चाळिशीतल्या एक बाई व्हीलचेअरवरून आल्यात. आतून प्रश्न येतो तो मागं उभ्या भावाला : “हिला सही करता येते का?” झालं! मराठीत आदर नामात कमी आणि सर्वनामात, क्रियापदात जास्त राहतो. ‘हिला येते का’ आणि ‘तुम्ही सही करता ना’ यांतलं अंतर कुठल्याही शासन निर्णयानं भरून निघत नाही. ‘व्हीलचेअरला खिळलेली’ हेही तसंच. अहो, ती खुर्ची आहे म्हणून तर त्या इथवर आल्या!

कर्णबधिर माणसाबरोबर दुभाषी असला, की आपण दुभाष्याकडेच बघतो. ‘त्यांना विचारा’ म्हणतो. समोर बसलेत ना ते? त्यांच्याकडे बघून ‘तुम्हांला काय हवंय?’ म्हणा, खुणांचं काम दुभाषी करतील.