मेणबत्ती, पेला आणि एक पंचमांश

थाळीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा घातलेला काचेचा पेला. मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढते. ‘ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली; म्हणून हवेत ऑक्सिजन एक पंचमांश,’ असे आपण फळ्यावर लिहून मोकळे होतो. प्रयोग देखणा आहे, मुलांना आवडतोही. आमचा आक्षेप आहे तो या निष्कर्षावर.

हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो हे खरे; पण मेणबत्ती विझते तेव्हा त्यातला बराचसा पेल्यात शिल्लकच असतो. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मग पाणी का चढते? ज्योतीजवळची हवा तापून प्रसरण पावते, त्यातली काही काठाखालून बुडबुड्यांनी निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो.

हे मुलांनाच शोधू द्यावे. पाणी झपाट्याने चढते ते ज्योत जळताना की विझल्यावर? त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या ठेवल्या तर? पाणी अधिक चढते. ऑक्सिजन तर तेवढाच होता!

एक पंचमांश दाखवायचाच असेल, तर ओल्या परीक्षानळीत आतून भरपूर लोहकीस चिकटवून ती पाण्यात उपडी ठेवावी. काही दिवसांत लोखंड गंजते आणि पाणी साधारण तेवढेच चढते.

उत्तर चुकीचे ठरण्याची वाट ज्या कृतीत मोकळी नाही, तिला आम्ही प्रयोग म्हणणार नाही.