चर्चच्या अंतर्भागाचे चित्रण : प्रकाश व पवित्र वस्तू

चर्चवास्तूचा अंतर्भाग हाच मुख्य विषय असलेला चित्रप्रकार. सतराव्या शतकात नेदर्लंड्समध्ये तो स्वतंत्रपणे विकसित झाला. तथापि त्यातील मूळ प्रश्न, म्हणजे पावित्र्य वस्तूत दाखवावे की प्रकाशात, त्याहून जुना आहे.

यान व्हान आयिकच्या *चर्चमधील मेरी* (सु. १४३८–४०, बर्लिन) या अवघ्या ३१ सेंमी. उंचीच्या चित्रात क्रूस, मेणबत्त्या व मेरीची मूर्ती जागच्या जागी असून खिडक्यांतून आलेले ऊन फरशीवर पडले आहे. वेदीकडील टोक पूर्वेस धरल्यास हे ऊन उत्तरेकडून येते. म्हणून एर्विन पानोफ्स्की या कलेतिहासकाराने ते अलौकिक मानले. सर्वच चर्चवास्तू पूर्वाभिमुख नसतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ज्या चित्रात मेरी खांबांच्या मानाने अवाढव्य आहे, तेथे उन्हानेच तेवढे निसर्गनियम पाळावेत, ही अपेक्षाही फारशी सयुक्तिक नाही.

१५६६ च्या मूर्तिभंजनानंतर डच चर्चमधील मूर्ती व वेदीचित्रे गेली. भिंतींना पांढरा रंग आला. पीटर सानरेडाम (१५९७–१६६५) याने जागेवर मोजमापे घेऊन या ओक्याबोक्या भिंती रंगविल्या. आसेनडेल्फ्टच्या चर्चच्या चित्रात (१६४९) प्रवचनपीठ, बाके आणि अग्रभागी त्याच्या वडिलांची शिळा, एवढ्याच वस्तू आहेत. फिकट, जवळजवळ छायारहित प्रकाश हाच तेथील आशय होय. मात्र सेर्टोखेनबॉस येथील चर्चच्या चित्रात (१६४६) त्याने तेथून हलविलेल्या वेदीचित्राची जागा दुसऱ्या चित्राने भरली. केवळ मोजमापाचा चित्रकार म्हणून त्याची बोळवण करणाऱ्यांनी हे चित्र पुन्हा पाहावे.

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९–७० च्या उत्खननात सापडलेल्या स्तूपाच्या शिल्पांत याच्या नेमकी उलट योजना आढळते. मुचलिंद नाग फणा धरून आहे, पण खालचे आसन रिकामे आहे. तेथे बुद्धाची आकृती वगळली आहे आणि वस्तूच त्याचे अस्तित्व सुचविते. शिल्पकाराला प्रकाशाचा आधार नव्हता. सानरेडामला वस्तूंचा नव्हता.

एमान्युएल दे विट (सु. १६१७–९२) याने वेगळी वाट धरली. वेगवेगळ्या चर्चचे भाग एकत्र करून त्याने काल्पनिक वास्तू रचल्या आणि त्यांत उन्हाचे झगझगीत पट्टे टाकले. ते वेदीवर नव्हे, तर प्रवचन ऐकणाऱ्यांवर, उकरलेल्या थडग्यावर, कधी एखाद्या कुत्र्यावरही पडतात.